तिथी बघून अलिबाग

अलिबागला वाटाड्या कशाला हवा, असं ओळखीतल्या निम्म्या लोकांनी विचारलं. मांडव्याला उतरायचं, न्यायला आलेल्या गाडीत बसायचं, किनाऱ्यावर दोन चकरा मारायच्या, रात्री पापलेट खायचं आणि येताना रस्त्यावरच्या टपरीतून कांद्याची माळ घ्यायची. यात दाखवायचं काय आणि दाखवणार कोण? मुंबईकराच्या लेखी अलिबाग हे गाव नाहीच, ती शनिवार-रविवारची सोय आहे. ‘अलिबागहून आलास का’ म्हणून समोरच्याला भोट ठरवायची रीतही मुंबईचीच. त्यावर अलिबागच्या एका रहिवाशानं थेट उच्च न्यायालयात दाद मागितली होती. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयानं २०१९ साली ती याचिका फेटाळली. माझं मत विचाराल, तर भोट ठरतो तो अलिबागला जाऊन किनारा तेवढा बघून आलेला.

मला वाटाड्या हवाच होता, कारण बरोबर मावशी होती. तिनं सत्तरी कधीच ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, पण खरेदीचा उत्साह लग्नघरातल्या वरमाईला लाजवील. तिला किल्ला बघायचा होता, इस्राएल आळीतलं ज्यूंचं सिनेगॉग बघायचं होतं, आणि सोडे, कडवे वाल, सुपारी आणि पांढरा कांदा घेतल्याशिवाय दादरला परतायचं नव्हतं. माघ महिना होता. मधला वार मुद्दाम धरला होता, म्हणजे गर्दी नाही आणि शनिवारचा शब्बाथही आड येत नाही.

आम्ही एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. तिथल्या काकूंनी ‘अलिबाग दर्शन’ असा छापील कागद हातात दिला आणि वर हळूच म्हणाल्या, “हा शनिवार-रविवारवाल्यांसाठी. तुम्हाला नीट बघायचं असेल तर शेजारच्या दादांना सांगते, मिनीडोर आहे त्यांची.” मिनीडोर म्हणजे रायगडातली सहा आसनी रिक्षा. एरवी ती माणसं भरून अलिबाग-रेवदंडा, अलिबाग-पोयनाड अशी धावते. दिवसभरासाठी एकट्यानं घेतली की तिला ‘स्पेशल’ म्हणतात. दादा कोळी, थळच्या बाजूचे. तरुणपणी बोटीवर खलाशी होते, पाठ धरली तेव्हापासून रिक्षा चालवतात. इंधन त्यांचं, जेवण आमचं, असा दिवसाचा आकडा ठरला. मावशीनं रिवाजाप्रमाणे दोनशे कमी करायला लावले आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं चारशे जास्त दिले. तिच्या हिशोबात हे दोन व्यवहार वेगवेगळे असतात.

कागदावर समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वेळ दुपारी चार अशी छापली होती. दादांनी ती वाचली आणि विचारलं, “चारला किल्ल्यात जानार कशे? पवत?” मग बोटांवर मोजून म्हणाले, “आज सष्टी. साडेचारला पानी भरनार. म्हंजे सकाली दाहा-साडेदाहाला सुकती. आदी किल्ला, मंग बाकीचा.”

हे गणित कोकण किनाऱ्यावर लहान पोराला येतं, आपल्याला येत नाही म्हणून सांगते. पक्षाची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहा, सहाची पाऊणपट साडेचार. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि सहा तास आधीही ओहोटीच. चंद्र रोज पाऊण-पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागोमाग पाणीही उशिरा येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भर दुपारी बाराला समुद्र तुडुंब आणि सकाळ-संध्याकाळ सहाला दूरवर आटलेला. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. छापील कागदाला तिथी ठाऊक नसते. चारच्या वेळेवर विश्वासून आलेली कितीतरी मंडळी किनाऱ्यावरून किल्ल्याचा फोटो काढून परत जातात.

साडेनऊला आम्ही किनाऱ्यावर होतो. मावशी घोडागाडीत बसली, मी चालत निघाले. मधल्या वाटेवर अजून घोट्याएवढं पाणी होतं. गाडीची चाकं ते कापत पुढे गेली आणि मावशीनं मागे वळून माझ्या ओल्या सलवारीकडे समाधानानं पाहिलं. खडकांवर दोन-तीन कोळणी उकिडव्या बसून लोखंडी टोच्यानं कालवं फोडत होत्या. एक ठोका, शिंपल्याचं वरचं झाकण उडायचं, आतला मऊ करडा गोळा नखानं उचलून डब्यात. हात इतका बसलेला की त्या एकमेकींशी बोलताना खाली बघतही नव्हत्या. पाणी फिरलं की त्यांचं काम संपणार होतं, आमचंही.

शिवाजी महाराजांनी १६८० साली, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, या खडकावर किल्ला बांधायचा हुकूम दिला. काम पुरं झालं ते संभाजी महाराजांच्या काळात. तटाचे मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचले आहेत, मधे चुना नाही. दादांनी मला तटाच्या पायथ्याशी नेऊन दोन चिऱ्यांच्या फटीत बोटं घालायला लावली. लाट आपटते तेव्हा पाणी या फटींतून आत शिरतं आणि तसंच बाहेर येतं, त्यामुळे भिंतीला धक्का कमी बसतो. एवढी साडेतीन शतकं समुद्र थोबाडीत मारतो आहे आणि तट उभा आहे. शेजारीच सर्जेकोट नावाचं छोटं ठाणं आहे, दोन्हींच्या मधे दगडी वाट.

आत गेल्यावर मावशी सिद्धिविनायकाच्या देवळात टेकली. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं हे गणेशपंचायतन आहे. देवळासमोर पुष्करणी आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. हे ऐकून पाहुण्यांना नवल वाटतं. दादांना ते अजिबात वाटत नव्हतं. पाणी लागलं म्हणून तर किल्ला बांधला, असं त्यांचं सरळ म्हणणं. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. लोक त्यांना हात लावून ‘कान्होजींच्या तोफा’, म्हणजे मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या, म्हणत फोटो काढतात. त्यांवर इंग्रजी अक्षरं कोरली आहेत, यॉर्कशायरमधल्या लो मूर नावाच्या लोखंडी कारखान्याची. तेव्हा त्या कान्होजींच्या खात्यावर मांडू नयेत.

कान्होजींना उसन्या तोफांची गरजही नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज हातमिळवणी करून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताला आंग्र्यांचं दस्तक घ्यावं लागे. नाही घेतलं की गलबत धरलं जाई. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत, पण स्वतः दस्तकं विकत तेव्हा त्याचं नाव व्यापार असे. अलिबाग वसवलं कान्होजींनीच, आणि गावाचा स्वतःचा ‘अलिबागी रुपया’ही चालवला. आज जिथे सगळे पैसे बाहेरून येतात, तिथे एकेकाळी नाणंच इथलं होतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात थळसमोरचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. दादा खांदेरीच्या बाजूचे असल्यामुळे त्यांना हा निकाल योग्य वाटतो.

अकराच्या सुमाराला त्यांनी घाई सुरू केली. समुद्र लांबून सपाटच दिसत होता, पण त्यांचं लक्ष खडकांकडे होतं. कोळणी उठून डबे डोक्यावर घेत होत्या. आम्ही परतलो तेव्हा मधल्या वाटेवर पाणी पुन्हा गुडघ्याकडे यायला लागलं होतं.

गावातली ठिकाणं भराभर झाली आणि तशीच व्हावीत. छत्रीबागेत कान्होजींची समाधी आहे, ते ४ जुलै १७२९ रोजी गेले. हिराकोट हा त्यांनीच १७२० साली बांधलेला भुईकोट. त्याचा पुढे तुरुंग झाला, त्यामुळे बाहेरूनच बघायचा. समोरचं तळं छान आहे. किनाऱ्याजवळच्या एका कुंपणाशी मात्र मी दादांना थांबायला लावलं. ही चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून चालू होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं आणि शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण विजेच्या प्रवाहानं नाजूक सुया हलणार. म्हणून १९०४ साली वेधशाळा खाडी ओलांडून अलिबागला आणली आणि तिच्या इमारतीत लोखंडाचा वापर टाळला. शांततेसाठी मुंबई सोडून अलिबागला आलेली ही पहिली मुंबईकर! तिच्यामागून बंगलेवाल्यांची जी रीघ लागली ती अजून थांबलेली नाही. आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. दादा म्हणाले, “वीस वर्सं हितून गाडी नेतो, कुनी पाहुना हितं थांबवत नाय.”

इस्राएल आळी हा या सगळ्या दिवसातला मावशीचा खास आग्रह. शाळेत तिच्या बाकावर एक किहीमकर आडनावाची मुलगी बसायची, शनिवारी गैरहजर असायची. बेने इस्राएल ज्यूंची आडनावं याच किनाऱ्याच्या गावांवरून पडली आहेत. किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर. त्यांच्या परंपरेप्रमाणे शेकडो वर्षांपूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे हे वंशज. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आळीतलं मागेन अबोथ हे सिनेगॉग मूळ १८४८ सालचं. १९४८ नंतर एकेक करून घरं इस्राएलला गेली. तिथे ही मंडळी अजून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. इथली दारं बहुतेक कुलुपात आहेत. सिनेगॉग मात्र झाडूनपुसून लख्ख. राखणदारानं दार उघडलं, मावशी आत जाऊन मधल्या बाकावर बसली आणि चक्क गप्प राहिली. मैत्रिणीचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक नाही. विचारायला कुणी नव्हतं.

तिथून बाजार. अलिबागच्या मासळी बाजारात सुक्या मासळीच्या बायका वेगळ्या बसतात. बोंबील, वाकट्या, जवळा, करंदी, आणि सगळ्यांत महाग सोडे. सोडे म्हणजे सोललेली वाळवलेली कोळंबी. मावशीची परीक्षा ठरलेली आहे. एक सोडा उचलायचा, वाकवायचा. काडकन मोडला तर जुना, ओलसर लवला तर नीट वाळलेला नाही, थोडा ताण देऊन मग तुटला तर घ्यायचा. रंग फिका नारिंगी हवा. भडक दिसला तर पुढे चालायचं. जवळा मुठीत घेऊन सोडायचा आणि तळहाताला वाळू लागली का बघायचं. कोळीण हे सगळं सोसत होती, कारण गिऱ्हाईक जाणतं आहे हे तिनं ओळखलं होतं. “मावशी, तुमाना फसवून मी खय जानार?” एवढंच म्हणाली आणि भाव एक रुपयानंही कमी केला नाही.

इथे मी मावशीला दावीद रहाबीची गोष्ट सांगितली. आपण कोण आहोत हे बेने इस्राएल जवळजवळ विसरले होते, तेव्हा रहाबी नावाचा एक ज्यू या किनाऱ्यावर आला म्हणतात. त्यानं बायकांपुढे नाना जातींची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. धर्मग्रंथ हरवला होता, हिब्रू हरवली होती, पण बाजारातली निवड शाबूत होती. त्यावरून त्यानं ओळखलं, हे आपलेच. मावशीनं क्षणभर विचार केला. “म्हणजे किहीमकर सोडे खात नव्हती,” ती म्हणाली, “तरीच माझ्या डब्याला हात लावायची नाही.” साठ वर्षांपूर्वीचा एक राग त्या दुपारी अलिबागच्या बाजारात निवळला.

जेवण खानावळीत. जिताड्याचं कालवण मिळालं, हे नशीब. खारेपाटातल्या तळ्यांत वाढवलेला जिताडा हा या जिल्ह्याचा मानाचा मासा. साहेबाच्या घरी जिताडा पोचला की अडलेली फाइल हलते, असं इथे उघड विनोदानं सांगतात. बरोबर तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. पोपटीचा हंगाम सरत आला होता, पण काकूंनी रात्री अंगणात मडकं लावायचं कबूल केलं होतं. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मडकं उपडं आणि वर जाळ. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको, आणि न खाल्लेल्यांना सांगून उपयोग नाही.

दुपारी रेवदंड्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका ठिकाणी दादांनी गाडी हळू केली. ‘कोकणी मेवा’ छापाचं मोठं दुकान, पुढे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग. “हितं थांबवलं की मना कमिशन भेटतं,” ते म्हणाले. “थांबवू?” असं विचारणारा वाटाड्या मी तरी पहिल्यांदाच पाहिला. कमिशन घेणं हे काही पाप नाही. दिवसभर गाडी उन्हात उभी करणाऱ्याचं पोट त्यावर आहे. लबाडी असते ती लपवण्यात, आणि दोन तास दुकानात बसवून देऊळ पाच मिनिटांत उरकण्यात. स्पेशल गाडी करणाऱ्यानं हे आधीच बोलून घ्यावं. आम्ही थांबलो नाही. बाटलीवरचं लेबल कोकणी आहे म्हणून आतलं सरबत कोकणी असतंच असं नाही.

चौल आणि रेवदंडा ही दोन गावं एका जुन्या बंदराचे दोन तुकडे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक दर्यावर्दींना हे बंदर ‘सिमुल्ला’सारख्या नावानं माहीत होतं. १५०८ साली इथल्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारानं पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला. तरी पोर्तुगीज आले, रेवदंड्याला तट बांधून बसले, १७४० पर्यंत हलले नाहीत. आज तटाच्या दारातून डांबरी रस्ता जातो आणि आत घरं, शाळा, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. झाडीतून सातखणी मनोरा डोकं काढतो. त्याचे वरचे मजले गेले. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनीही घराघरात पोर्तुगीज वळणाची बोली चालू आहे. तिकडे जायला वेळ उरला नाही, आणि दादांनी तो उरल्याचं नाटकही केलं नाही.

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचं स्मारक आहे. अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकात चौलला उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. इथे घोडे महाग जातात असं त्यानं ऐकलं होतं. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मग परत देतो, अशी अट घातली. कसाबसा घोडा सुटला. पुढे निकितिननं लिहून ठेवलं की आपल्या देशात नेण्याजोगा माल या मुलखात फारसा नाही, आणि ज्यांनी आपल्याला इकडे यायला भुलवलं ते लबाड होते. वास्को द गामाच्या आधी पंचवीस-तीस वर्षं आलेला हा पाहुणा, आणि त्याचीही तक्रार खरेदीविक्रीचीच! त्याला चांगला वाटाड्या भेटला नव्हता, असं मावशीचं निदान.

चौलच्या रामेश्वराच्या देवळात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. वर फरसबंदी असते. पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची परंपरा आहे. पुजाऱ्यांनी जागा दाखवली. समोरची पुष्करणी मात्र कुणी न दाखवताच बघत बसावी अशी आहे.

देवळामागच्या वाडीत दादांच्या ओळखीनं सुपारी घेतली. वाडीवाल्या आजोबांनी ओटीवर पोतं उलटं केलं, अडकित्त्यानं एकेक सुपारी कातरून दाखवली. आत पांढऱ्या-तपकिरी रेघांची जाळी स्वच्छ हवी, काळी पडलेली नको. बोलता बोलता त्यांनी वाडीच्या मोकळ्या भागाकडे हात केला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. पोफळी ओळीनं मोडल्या. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही तितकीच. भात बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. वाडी गेली की घरातल्या पोराची कॉलेजची वर्षं तिच्याबरोबर जातात. शेजारच्या दोन वाड्यांनी वाट पाहिली नाही, जागा विकली. तिथे आता भिंत आहे, फाटक आहे आणि फाटकाला कॅमेरा आहे. आजोबांनी लावलेली झाडं नुकती धरू लागली होती. सुपारीचा भाव त्यांनी सांगितला तो दिला. मावशीनंही तोंड उघडलं नाही.

ऊन उतरल्यावर दादांनी गाडी उलट दिशेला, कार्ले खिंडीकडे घेतली. कांदा शेवटी, हे त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याबरोबर नक्कल करणाऱ्यांचंही फावलं. बाहेरून आलेला कुठलाही पांढरा कांदा दोरीत ओवून रस्त्यावर टांगला की तो ‘अलिबागचा’ होतो. खरा कांदा याच तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, वेश्वी, नेहुली, सहाण अशा गावांचा. भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत रोपं लावतात. जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि बेताच्या पाण्यावर पीक येतं. माघ-फाल्गुनात काढणी. बी दरवर्षी घरचंच.

खंडाळ्याला एका अंगणात चार बायका माळा विणत बसल्या होत्या. उन्हात सुकवलेला कांदा पातीसकट घ्यायचा, तीन पाती धरून वेणीचा पहिला पेड घालायचा, मग प्रत्येक पेडाला एक नवा कांदा आत घ्यायचा. मोठे खाली, लहान वर. घट्ट ओढली नाही तर पात आणखी सुकल्यावर कांदे गळतात. जास्त ओढली तर पात तुटते. मला एक माळ करायला दिली. चौथ्या कांद्याला ती सुटली आणि सगळ्या मनापासून हसल्या. त्यांतल्या थोरल्या बाईंनी एक कांदा फोडून कच्चाच हातावर ठेवला. चपटासा गोल, पातळ मानेचा, चावल्यावर आधी गोड लागतो आणि तिखटपणा मागून थोडासाच येतो. डोळ्याला पाणी नाही. खरेपणाची खूण विचारली तर म्हणाल्या, “पात बगा. आमची येनी कांद्याच्या पातीची असते. दोरीत कांदं ओवलेलं दिसलं की गाडी पुढं न्यायची.” मावशीनं माळांच्या तीन जोड्या घेतल्या, त्यांतली एक समोरच्या ब्लॉकवाल्यांसाठी, ज्यांच्याशी ती गणपतीपासून बोलत नाही.

त्याच खंडाळ्यात एक खडक आहे, तिथे दादांनी दिवे लागायच्या आत नेलं. प्रेषित एलियाहू रथातून स्वर्गाला गेला तेव्हा रथाच्या खुणा या दगडावर उमटल्या, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. थंडीच्या दिवसांत इस्राएलहून कुटुंबं येतात, नवस फेडतात, मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. दादांची हिवाळ्यातली बरीच स्पेशल भाडी त्यांचीच. “म्हातारी मानसं आपल्यासारकीच बोलतात,” ते म्हणाले, “पोरांना मराटी येत नाय, पन कांद्याची माल सगल्यांना पायजे. इमानात नेऊ देत नाय म्हनून रडतात.” खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मांडव्याला जाताना सासवण्याला शिल्पकार विनायक करमरकरांचं घर पाहिलं. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी त्यांचा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी लहानपणी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफेल्ड या कलेक्टरनं पाहिलं आणि पोराला जे. जे. स्कूलमध्ये धाडलं. अंगणात आणि घरात माणसं, बायका, जनावरं उभी आहेत, बरीचशी सिमेंटमधली. त्यांतलं म्हशीचं पारडू इतकं खरं आहे की मावशीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इथे विकत घेण्यासारखं काही नाही, हे तिनं आत शिरताना विचारून घेतलं होतं. तरी ती सगळ्यात जास्त वेळ इथेच रमली.

अलिबागला निघणाऱ्यांना एवढंच सांगेन. हॉटेलचं बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडा, तिथीची पाऊणपट करा आणि ओहोटी सकाळी येईल असा दिवस धरा. शुक्ल किंवा कृष्ण पक्षातली पंचमी, षष्ठी, सप्तमी त्याला बरी. इथल्याच एखाद्या मिनीडोरवाल्याला दिवसभराचे पैसे मोजून द्या आणि दुकानांचं आधीच बोलून घ्या. कांदा माघ ते वैशाखात घ्या, माळेला हात लावण्यापूर्वी गावाचं नाव विचारा, आणि खंडाळ्याच्या अंगणात बसलेल्या बाईंशी भावावरून घासाघीस करू नका.